‘आमच्यात असं काही नाही’ म्हणून थॅलेसेमियाची तपासणी टाळू नका

गरोदरपणाच्या पहिल्या भेटीत तुमच्या हातात तपासण्यांची एक चिठ्ठी पडते. हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, थायरॉइड, एचआयव्ही, कावीळ. त्यात कधी ‘एचपीएलसी’ किंवा ‘एचबी इलेक्ट्रोफोरेसिस’ असं लिहिलेलं असतं, कधी नसतं. लिहिलेलं असलं तरी बऱ्याच घरांत त्यावर होणारी चर्चा एका वाक्यात संपते. “ही कशाला? आमच्यात असं काही नाही.” मग तेवढी एक ओळ गाळून बाकीच्या तपासण्यांसाठी रक्त दिलं जातं.

हा लेख त्या गाळलेल्या ओळीबद्दल आहे. माझं म्हणणं सुरुवातीलाच स्पष्ट सांगते. आनुवंशिक आजारांच्या बाबतीत तुमच्यासमोर दोन वेगवेगळे प्रश्न येतात. पहिला प्रश्न: आपण दोघं एखाद्या आजाराचे वाहक आहोत का? दुसरा प्रश्न: वाहक असलो तर पोटातल्या बाळाची तपासणी करायची का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक जोडप्याने शोधलंच पाहिजे आणि ते लवकर शोधलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या वतीने देण्याचा अधिकार ना माझा, ना सासूबाईंचा, ना शेजारच्या काकूंचा.

आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. पहिल्या प्रश्नाकडे कुणी लक्ष देत नाही आणि दुसऱ्याचं उत्तर द्यायला सगळे पुढे असतात.

आधी आजार समजून घेऊ

उदाहरण म्हणून थॅलेसेमिया घेऊ, कारण आपल्याकडे हा सर्वाधिक आढळणाऱ्या आनुवंशिक आजारांपैकी एक आहे. भारतात साधारण ३ ते ४ टक्के लोक बीटा थॅलेसेमियाचे वाहक आहेत. म्हणजे लग्नाच्या मांडवात ३०० पाहुणे असतील, तर त्यातले दहाएक जण वाहक असू शकतात आणि त्यांतल्या बहुतेकांना ते माहीत नसतं.

रक्तातलं हिमोग्लोबिन तयार करण्याची सूचना आपल्याला दोन प्रतींमध्ये मिळते, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. एक प्रत बिघडलेली आणि दुसरी चांगली असेल, तर माणूस ‘वाहक’ असतो. यालाच ‘थॅलेसेमिया मायनर’ म्हणतात. वाहक आजारी नसतो. तो शाळेत जातो, नोकरी करतो, ट्रेक करतो, ऐंशी वर्षं जगतो. फार तर हिमोग्लोबिन थोडं कमी भरतं.

पण आई आणि वडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता असते, की बाळाला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळतील. ते बाळ ‘थॅलेसेमिया मेजर’ असतं. जन्मताना ते अगदी निरोगी दिसतं, कारण पोटात असताना वापरायचं हिमोग्लोबिन वेगळं असतं. सहा महिने ते दोन वर्षं या काळात बाळ फिकट दिसू लागतं, वजन वाढत नाही, पोट फुगतं. त्यानंतर दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, तेही आयुष्यभर. रक्तातून आलेलं जादा लोह हृदयात, यकृतात, ग्रंथींमध्ये साठतं. ते बाहेर काढणारी औषधं घ्यावी लागतात, तीही आयुष्यभर. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने आजार बरा होऊ शकतो, पण त्यासाठी जुळणारा दाता लागतो. सख्ख्या भावंडाचं जुळण्याची शक्यता चारात एक.

चांगले उपचार मिळाले तर ही मुलं मोठी होतात, शिकतात, लग्नंही करतात. हेही तितकंच खरं आहे आणि पुढे मी त्याकडे परत येणार आहे.

‘आमच्यात असं काही नाही’ हे वाक्य का चुकीचं आहे

हा आजार वाहकांमध्ये दिसत नाही. आजी वाहक, आजोबा नाहीत. मुलगा वाहक, सून नाही. नातू वाहक. अशा पाच पिढ्या गेल्या तरी घरात एकही आजारी मूल जन्मत नाही. मग सहाव्या पिढीत वाहक मुलगा आणि वाहक मुलगी एकत्र येतात आणि घराण्यात ‘पहिल्यांदाच’ हा आजार दिसतो. ज्या घरात थॅलेसेमियाचं मूल जन्माला आलं, त्यातल्या बहुतेक घरांत आदल्या दिवसापर्यंत ‘आमच्यात असं काही नाही’ हेच वाक्य खरं वाटत होतं.

दुसरा गैरसमज, ‘हा सिंधी लोकांचा आजार’. सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी भानुशाली अशा समाजांत वाहकांचं प्रमाण जास्त आहे हे खरं. पण महाराष्ट्रातल्या इतर अनेक समाजांतही हे वाहक आहेत. शिवाय विदर्भात आणि सातपुड्याच्या पट्ट्यात, म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नंदुरबार इकडे, सिकलसेलचे वाहक मोठ्या संख्येने आहेत. एक जण थॅलेसेमियाचा वाहक आणि दुसरा सिकलसेलचा वाहक असेल, तरीही बाळाला गंभीर आजार होऊ शकतो. पुण्यात नोकरीला आलेले नंदुरबारचे तरुण आणि उल्हासनगरच्या तरुणी आता एकमेकांशी लग्न करतात, ही चांगलीच गोष्ट आहे. फक्त कुठला आजार कुठल्या समाजाचा हे जुनं गणित आता वापरू नका.

नात्यात लग्न झालं असेल, उदाहरणार्थ मामाच्या मुलीशी, तर ही तपासणी अधिकच गरजेची. एकाच आजी-आजोबांकडून तीच बिघडलेली प्रत दोघांकडे आलेली असण्याची शक्यता तिथे वाढते.

‘सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत’

मला भेटणाऱ्या अनेक जोडप्यांना वाटतं, की डबल मार्कर नॉर्मल आला, एनआयपीटी नॉर्मल आली, पाचव्या महिन्याची सोनोग्राफी नॉर्मल आली, म्हणजे बाळाला कुठलाच जनुकीय आजार नाही. तसं नसतं. डबल मार्कर आणि नेहमीची एनआयपीटी या मुख्यतः डाउन सिंड्रोमसारख्या, गुणसूत्रांची संख्या चुकल्याने होणाऱ्या स्थितींचा अंदाज देतात. डाउन सिंड्रोम बहुतेक वेळा आई-वडिलांकडून वारशाने आलेला नसतोच. सोनोग्राफीत बाळाचे अवयव दिसतात, हिमोग्लोबिनची बिघडलेली सूचना दिसत नाही. बीटा थॅलेसेमिया मेजरचं बाळ सोनोग्राफीत अगदी छान हातपाय हलवताना दिसतं.

याउलट, एक साधा धागा तुमच्या जुन्या रिपोर्टमध्येच पडून असतो. सीबीसीमध्ये ‘एमसीव्ही’ ८० च्या खाली, ‘एमसीएच’ २७ च्या खाली, आणि लाल पेशींची संख्या मात्र भरपूर, असं चित्र असेल, तर थॅलेसेमिया मायनरचा विचार करायला हवा. अशा कित्येक मुलींना कॉलेजपासून लग्नापर्यंत ‘रक्त कमी आहे’ म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या जातात, आणि पेशी लहान का हे कुणी विचारत नाही. (गरोदरपणात मात्र तुमच्या मनाने गोळ्या बंद करू नका. वाहक बाईलाही लोहाची कमतरता असू शकते. ती वेगळी तपासून ठरवायची गोष्ट आहे.)

खात्री होते ती एचपीएलसीने. त्यात ‘एचबी ए-टू’ हा घटक सर्वसाधारणपणे ३.५ टक्क्यांच्या वर असेल, तर ती व्यक्ती वाहक असण्याची दाट शक्यता असते. सीमेवरचा आकडा असेल तर पुढची तपासणी लागते, कारण लोह फार कमी असल्यास हा आकडा खोटा कमी येऊ शकतो. याच तपासणीत सिकलसेलचा वाहकही कळतो. ही आयुष्यात एकदाच करायची तपासणी आहे. जनुकं बदलत नाहीत, त्यामुळे रिपोर्टही बदलत नाही. जपून ठेवा.

तीन महिने कुणाला सांगायचं नाही

आता मुद्द्याची गोष्ट. ही तपासणी करायची असते लवकर, आणि आपल्या घरांत गरोदरपण जाहीर होतं उशिरा. ‘तीन महिने कुणाला सांगायचं नाही’ ही रीत तुम्ही नातेवाइकांसाठी खुशाल पाळा. पण कित्येक जणी डॉक्टरांकडेही तीन महिने उलटल्यावरच येतात.

वेळेचं गणित मांडून बघा. तुमचा एचपीएलसी रिपोर्ट यायला काही दिवस. तुम्ही वाहक निघालात तर नवऱ्याचं रक्त, पुन्हा काही दिवस. दोघंही वाहक असाल तर प्रत्येकाच्या जनुकात नेमका कोणता बिघाड आहे हे शोधायला डीएनए तपासणी, त्यासाठी आठवडे. एवढं हातात असेल तेव्हा बाळाची तपासणी. ती अकरा ते चौदा आठवड्यांच्या दरम्यान वारेचा अगदी छोटा अंश घेऊन करतात, तिला सीव्हीएस म्हणतात. ती वेळ गेली तर पंधरा-सोळा आठवड्यांनंतर गर्भजल घेऊन करतात. मग त्या रिपोर्टसाठी पुन्हा थांबणं.

सहाव्या-सातव्या आठवड्यात पहिलं रक्त दिलं, तर हे सगळं शांतपणे होतं. सोळाव्या आठवड्यात सुरुवात केली, तर रिपोर्ट येईपर्यंत बाळाच्या हालचाली कळू लागलेल्या असतात. त्या अवस्थेत निर्णय घ्यायला लावणं हा बाईवर केलेला अत्याचारच आहे, आणि तो आजाराने केलेला नसतो. तो उशिराने केलेला असतो. काही वेळा हा उशीर घरच्यांचा असतो, काही वेळा आम्हा डॉक्टरांच्या व्यवसायाचा. पहिल्याच भेटीत ही तपासणी न लिहिणाऱ्या डॉक्टरांना तुम्ही ती स्वतः मागा. मागायला संकोच कसला?

नवऱ्याचं रक्त

आईचा रिपोर्ट ‘वाहक’ आला, की गाडी हमखास एका ठिकाणी अडते. नवरा येत नाही. “मला काय झालंय? मी रोज जिमला जातो.” किंवा सासूबाई सांगतात, “दोष हिच्यात आहे, त्याचं रक्त कशाला?”

दोघंही वाहक असल्याशिवाय बाळाला थॅलेसेमिया मेजर होत नाही, हे वर सांगितलंच आहे. म्हणजे नवऱ्याच्या पाच मिलिलिटर रक्ताने दोन गोष्टींपैकी एक होते. तो वाहक नसेल तर सगळं घर त्याच दिवशी निश्चिंत होतं. बाळ फार तर आईसारखं वाहक निघेल. तो वाहक असेल, तर दोघांना मिळून विचार करायला वेळ मिळतो. दोन्हींतल्या कुठल्याही गोष्टीसाठी एक सुई टोचून घेणं पुरुषांना जड वाटत असेल, तर नऊ महिन्यांत बायकोला किती सुया टोचल्या गेल्या ते मोजा.

आता दुसरा प्रश्न: बाळाची तपासणी

इथे मात्र माझा आवाज मी खाली आणते. समजा तुम्ही दोघंही वाहक आहात. बाळाची तपासणी करायचीच, असं मी म्हणणार नाही.

माहिती मात्र पूर्ण देईन. सीव्हीएस किंवा गर्भजल तपासणीमुळे गर्भपात होण्याचा धोका असतो. अनुभवी हातांत तो १ टक्क्यापेक्षा कमी आहे, पण शून्य नाही. चारपैकी तीन वेळा रिपोर्टमधून कळतं, की बाळाला मेजर नाही. त्यामुळे वाहक जोडप्यांसाठी ही तपासणी बहुतेकदा दिलासा देणारी ठरते. ती उपलब्ध नव्हती तेव्हा एक आजारी मूल झालेली जोडपी भीतीने दुसऱ्या मुलाचा विचारच सोडून देत. आणि हो, २५ टक्के म्हणजे ‘एक आजारी झालं, आता पुढची तीन चांगली’ असं नसतं. प्रत्येक गरोदरपणात फासे नव्याने पडतात.

या प्रश्नावर दोन बाजूंनी दबाव येतो आणि दोन्ही मला मान्य नाहीत.

पहिली बाजू म्हणते, “तपासणी म्हणजे गर्भपात. देवाने दिलंय ते घ्या.” तपासणी म्हणजे गर्भपात नव्हे. काही जोडपी गरोदरपण पुढे न्यायचं ठरवूनच तपासणी करतात, कारण त्यांना तयारीला वेळ हवा असतो. कुठे उपचार घ्यायचे, कुठल्या रक्तपेढीशी बोलायचं, पैशाचं काय, हे आधी ठरवलेलं असलं तर बाळाचं पहिलं वर्ष अंधारात चाचपडत जात नाही. आणि ‘देवाने दिलंय ते घ्या’ म्हणणारे दर तीन आठवड्यांनी रक्ताची पिशवी शोधायला सोबत येत नाहीत. ते काम आईच करते, नोकरी सोडून.

दुसरी बाजू म्हणते, “पॉझिटिव्ह आलं तर काढूनच टाकायचं, त्यात विचार कसला?” हे बोलणाऱ्यांत काही डॉक्टरही असतात. थॅलेसेमिया असलेले चाळिशीतले लोक आज आपल्यात वावरतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने थॅलेसेमिया, सिकलसेल आणि हिमोफिलिया यांना दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत स्थान दिलं आहे. ही माणसं ‘टाळता आली असती’ अशा चुका नव्हेत. एखाद्या जोडप्याने सगळं समजून घेऊन ‘आम्ही हे मूल वाढवू’ असं ठरवलं, तर त्यांना अडाणी म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही. तसंच ‘आम्हाला हे झेपणार नाही’ असं ठरवणाऱ्या बाईला निर्दयी म्हणण्याचाही नाही. एकाच गावातल्या दोन घरांची परिस्थिती वेगळी असते. एका घरापासून रक्तपेढी दहा मिनिटांवर असते, दुसऱ्या घरापासून एसटीने चार तासांवर.

कायदा काय म्हणतो

‘गर्भाची तपासणी बेकायदा असते ना?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. १९९४ च्या गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याने बंदी आहे ती मुलगा की मुलगी हे शोधण्यावर आणि सांगण्यावर. हिमोग्लोबिनचे आजार, गुणसूत्रांचे दोष, चयापचयाचे आनुवंशिक आजार यांसाठी नोंदणीकृत केंद्रात तपासणी करायला तोच कायदा परवानगी देतो. त्यासाठी गरोदर बाईची लेखी संमती लागते, तीही तिला समजणाऱ्या भाषेत, धोके समजावून सांगितल्यावर. त्या संमतीपत्राची प्रत तिला मिळाली पाहिजे. इंग्रजी कागदावर घाईत सही घेत असतील, तर थांबा आणि मराठीत मागा.

गर्भपाताच्या कायद्यात २०२१ साली बदल झाले. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ आठवड्यांत, बाळाला गंभीर व्यंग असण्यासह काही ठरावीक कारणांसाठी, दोन डॉक्टरांचं मत लागतं. त्यापुढे बाळात गंभीर दोष असेल तर वैद्यकीय मंडळ ठरवतं. सज्ञान बाईच्या बाबतीत संमती फक्त तिची लागते. नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही, सासऱ्यांची तर नाहीच. नवऱ्याने सोबत असावं, बोलावं, हात धरावा. पण शेवटचा शब्द तिचा.

लग्नाआधी केली तर? करा, पण दोघांची

सगळ्यात उत्तम वेळ गरोदरपणाच्याही आधीची. सायप्रसमध्ये हा आजार फार मोठ्या प्रमाणावर होता. तिथे १९७० च्या दशकात मोहीम सुरू झाली आणि पुढे लग्नाआधी रक्त तपासल्याचा दाखला चर्चनेही मागायला सुरुवात केली. नव्या आजारी बाळांची संख्या जवळजवळ शून्यावर आली. महत्त्वाचं म्हणजे, दोघंही वाहक आहेत हे कळल्यावरही बहुतेक जोडप्यांनी लग्न मोडलं नाही. त्यांनी माहिती हाताशी ठेवून संसार केला.

आपल्याकडे मला वेगळीच भीती वाटते. मुलीचा रिपोर्ट मागायचा, ‘मायनर’ दिसलं की नकार द्यायचा, आणि मुलाचं रक्त तपासायचंच नाही. पत्रिकेतल्या मंगळाने ज्या मुलींची लग्नं अडवली, त्यांच्या यादीत आता थॅलेसेमिया मायनर नको. वाहक असणं हा दोष नाही. वाहक मुलीने वाहक नसलेल्या मुलाशी लग्न केलं तर मेजर मूल होण्याचा प्रश्नच येत नाही. दोघं वाहक असतील आणि एकमेकांना आवडत असतील, तरी मार्ग आहेत. गरोदरपणातली तपासणी आहे, आयव्हीएफ करून गर्भ आधीच तपासण्याची सोय आहे (ती महाग आहे), दत्तक आहे, किंवा धोका समजून पुढे जाणंही आहे.

पुढच्या भेटीत काय विचाराल

रिपोर्टची फाइल घेऊन जा आणि हे प्रश्न विचारा:

१. माझी एचपीएलसी झाली आहे का? नसेल तर आजच होईल का?
२. माझ्या सीबीसीमधला एमसीव्ही किती आहे?
३. मी वाहक असेन तर नवऱ्याचं रक्त याच आठवड्यात कुठे देता येईल?
४. दोघं वाहक असू तर जनुकीय समुपदेशन कुठे मिळेल? (मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहेमॅटॉलॉजी हे काम करत आली आहे. मोठ्या शहरांतल्या वैद्यकीय महाविद्यालयांतही चौकशी करा.)
५. बाळाची तपासणी केली तर रिपोर्ट माझ्या कितव्या आठवड्यात येईल?
६. बाळाची तपासणी नाही केली, तर जन्मानंतर बाळाचं रक्त कधी तपासायचं?

सहावा प्रश्न मी मुद्दाम ठेवला आहे. ‘नको’ म्हणणाऱ्या जोडप्यालाही पुढचा रस्ता दाखवणं हे डॉक्टरचं काम आहे. तो रस्ता विचारल्यावर तुमचे डॉक्टर चिडले, तर दुसरे डॉक्टर शोधा.

आणि तुम्हाला अजून दिवस गेलेले नसतील, तर या आठवड्यात दोघं मिळून लॅबमध्ये जा. दोघांपैकी एक जरी वाहक नसेल, तर या लेखातला दुसरा प्रश्न तुमच्यासमोर कधी येणारच नाही.